हिवाळ्याआधीचे दोन दिवस

“तुमच्या गावचा जयराम ड्रायव्हर गेला म्हन्ते,” धामणगाव बढ्याहून सकाळी येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने बुलढाण्याच्या स्टँडवर मला सांगितलं. मी शाळेचं पार्सल सोडवायला आलो होतो. “कोणता जयराम?” मी विचारलं. आमच्या धामणगावात या नावाचा दुसरा ड्रायव्हर नव्हता, कधीच नव्हता, तरी विचारलं. ऐकलेलं खोटं ठरावं म्हणून माणूस असं काहीतरी विचारतो... “तोच ना, ॲक्सिडेंटवाला,” कंडक्टर म्हणाला आणि तिकिटांची पेटी काखेत मारून चहाकडे वळला. त्याला मी दोष देत नाही. तो दुसऱ्या तालुक्यातला, नवा माणूस. गावाने जे नाव ठेवलं होतं, तेच त्याने घेतलं. मी मात्र पार्सल हातात धरून तिथेच उभा राहिलो. बारा वर्षांपूर्वी हे नाव त्या माणसाला कुणी चिकटवलं, हे त्या सगळ्या स्टँडवर एकट्या मलाच ठाऊक होतं.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आठवणींचे असे लेख येतात, मीही ते वाचत आलो आहे. त्यात गेलेला माणूस फार मोठा असतो आणि लिहिणारा त्याच्या जवळचा असतो. जयरामदादा मोठे नव्हते. ते ट्रक चालवत. आणि मी त्यांच्या जवळचा होतो, असं म्हणायचा अधिकार मी माझ्या हाताने घालवला आहे. ते कसं झालं, तेच इथे सांगायचं आहे.

जयरामदादांचं घर भाजीपाला पिकवणारं. गावाच्या ओढ्याकाठी त्यांचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. पण त्यांचं मन मळ्यात रमलं नाही. महायुद्धाच्या काळात ते फौजेत गेले, तिथे गाडी शिकले आणि उत्तरेकडे डोंगरात रसदीच्या गाड्या चालवून परत आले. येताना त्यांनी एक खाकी कोट आणला, आणि हिवाळ्याची एक जबरदस्त भीती आणली. भीती म्हणजे घाबरटपणा नव्हे. बर्फाच्या रस्त्यावर आपल्या पुढची गाडी दरीत जाताना त्यांनी पाहिली होती. त्या गाडीचा ड्रायव्हर चांगला होता, गाडी तेवढी तयार नव्हती, एवढंच ते सांगत. आमच्या गावात खरेदी-विक्रीचा एक संघ निघाला, त्याने जुना ट्रक घेतला, आणि तो चालवायला जयरामदादांना बोलावलं. राज्य नवं होतं, गावोगाव असे संघ निघत होते, आणि आपला माल आपल्या गाडीतून मलकापूरला जातो याचा लोकांना अभिमान वाटत होता. मीही त्याच संघात कारकून म्हणून लागलो. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मला ‘वसंता’ म्हणत आणि घरी नेऊन ज्वारीची भाकरी नि वांग्याची भाजी खायला घालत.

दिवाळी उलटून तुळशीचं लग्न झालं की जयरामदादा दोन दिवस गाडी जागेवरून हलू देत नसत. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. सगळी चाकं काढायची, ब्रेकचे लायनर पाहायचे, ब्रेकचं तेल नवं भरायचं. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदलायचं. पुढच्या दिव्यांची तोंडं जरा खाली वळवायची आणि त्यांवर पिवळा पारदर्शक कागद लावायचा, कारण पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. सकाळी इंजिन लवकर तापावं म्हणून जाळीपुढे गोणपाट बांधायचं. काचेला आतून वाफ धरू नये म्हणून ओल्या तंबाखूची पुरचुंडी काचेवर फिरवायची. या सगळ्याला गावातले लोक हसत. “जयराम, इथं काय बर्फ पडते का बे?” असं कुणी विचारलं की ते चाकाशी बसल्या बसल्या म्हणत, “बर्फ दिसते तरी. धुकं पडलं म्हंजे तूच दिसत नाहीस.” आमच्याकडे धुकं रोज पडत नाही. पण पौषात एखादा पाऊस होऊन गेला की नळगंगेच्या खोऱ्यात सकाळी असं धुकं बसतं की बैलगाडीवाल्याला आपल्या बैलांची शिंगं दिसत नाहीत. आणि हेच दिवस कापसाचे. पहाटे गाड्या भरून शेतकरी मलकापूरच्या जिनिंगकडे निघत. एकामागे एक, ना कंदील, ना घंटा, वर माणूस घोंगडी पांघरून अर्धवट झोपलेला.

यावर जयरामदादांनी आपला उपाय काढला होता. बाजाराच्या दिवशी ते चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन वेशीपाशी बसत आणि येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीच्या मागच्या फळीवर हातभर रुंद पांढरा पट्टा ओढत. विचारून ओढत, पण नाही म्हणू देत नसत.

“काऊन रंगवून राह्यले दादा माही गाडी? लगन हाय का तिचं?” एकदा एका गाडीवानाने विचारलं.

“तुही गाडी मले दिसाव म्हनून.”

“अन् नाही दिसली तं?”

“तं मंग तुह्या घरच्याइले तू दिसनार नाहीस,” जयरामदादा म्हणाले आणि कुंचा बादलीत बुडवला. गाडीवान हसला. मग खाली उतरून त्याने फळीवरची माती स्वतःच पुसून दिली.

मला ते गाडीत शेजारी बसवून मलकापूरला नेत. धुक्यात ते दाराची काच खाली करत, थंडी आत आली तरी, आणि मान बाहेर काढून ऐकत. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, चाकाची कुरकुर. एकदा मी कंटाळून म्हटलं, “दादा, इतकं हळू गेलो तर दुपार होईल.” तेव्हा ते म्हणाले, “पाह्य वसंता, जेवढं दिसते तेवढ्यात गाडी थांबली पाह्यजे. दहा हात दिसते, तं दहा हातात. याच्याहून जास्त मले काही येत नाही.” त्यांना खरंच याहून जास्त काही येत नव्हतं, आणि याहून जास्त काही लागतही नसतं.

त्यांना वाचता येई, पण लिहायला जड जाई. म्हणून दरवर्षी हिवाळ्यापूर्वीचा अर्ज मी लिहीत असे. ‘विनंतीअर्ज की, थंडीच्या दिवसांत धुक्यामुळे अपघाताचा संभव असल्याने संघाच्या ट्रकची तपासणी व दुरुस्ती करण्याकरिता दोन दिवस गाडी उभी ठेवण्यास परवानगी मिळावी...’ माझं अक्षर चांगलं होतं. ते अर्ज हातात घेऊन लांब धरून पाहत, “मोत्यावानी अक्षर हाय लेका तुहं,” म्हणत, आणि खाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही करत. पहिले अध्यक्ष होते तोवर त्या अर्जावर त्याच दिवशी ‘मंजूर’ असा शेरा पडे. मग अध्यक्ष बदलले.

नव्या अध्यक्षांचं नाव मी लिहीत नाही. ते आज हयात नाहीत आणि त्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत. संघाच्या कचेरीत त्यांची तसबीर आहे, तिला हार असतो. त्यांनी संघ वाढवला, हेही खरं आहे. ते वाईट बोलत नसत, आवाज चढवत नसत. त्या वर्षी मिरची आणि कापूस दोन्ही जोरात आले होते, ट्रकला एक दिवसाची उसंत नव्हती. मी अर्ज पुढे ठेवला. त्यात जयरामदादांनी या वेळी नेहमीपेक्षा जास्त लिहवून घेतलं होतं: ब्रेकचं तेल गळतं, पेडल दोन-तीनदा दाबल्याशिवाय धरत नाही, हँडब्रेक उतारावर पकडत नाही. अध्यक्षांनी तो पूर्ण वाचला. मग जयरामदादांना बोलावून विचारलं, “गाडी आज मलकापूरहून आली ना?”

“आली जी.”

“म्हणजे चालते.”

“चालते जी. थांबत नाही.”

अध्यक्ष जरा हसले. “हंगाम झाला की पाहू,” म्हणाले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. त्यावर काही शेरा लिहिला नाही. मी तो फाइलीला लावला.

जयरामदादांनी दुसऱ्या दिवशी किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली. “मी नाही चालवत,” म्हणाले. दुपारपर्यंत अध्यक्षांनी दुसरा एक माणूस शोधला, जो ट्रॅक्टर चालवायचा आणि ज्याने मलकापूरचा रस्ता थंडीत कधी पाहिलाच नव्हता. जयरामदादांना ते कळलं. ते कचेरीच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले... मग आत येऊन किल्ली उचलली. “मी नाही गेलो तं तो जाईन. तो मरीन, अन् रस्त्यानं जो भेटीन त्याले मारीन,” एवढंच म्हणाले. पुढचे काही आठवडे ते गाडी जवळजवळ ढकलत नेल्यासारखी नेत होते. स्वतः खाली झोपून जमेल तेवढी गळती चिंध्या आणि तार बांधून थांबवत. आणि चुन्याची बादली घेऊन ते त्या वर्षी आजूबाजूच्या गावांतही हिंडले.

पौषातली ती सकाळ. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. ट्रकमध्ये भाजी होती, मलकापूर स्टेशनवर रेल्वेगाडीला लावायची. जयरामदादांच्या शेजारी, डाव्या बाजूला, गोदावरीकाकू बसल्या होत्या. त्या जयरामदादांच्या घरामागेच राहत. नवरा लवकर गेला, आणि एकुलत्या एक मुलाला, महादेवला, त्यांनी वांगी विकून वाढवलं. आठवड्यातून एकदा त्या आपली टोपली घेऊन मलकापूरला जात. संघाच्या गाडीतून भाजीवाल्या बायकांनी जावं, हे सगळ्यांना मान्य होतं. मोताळ्याच्या अलीकडे रस्ता एका नाल्याकडे उतरतो. धुकं दाट होतं. जयरामदादांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली होती, काच खाली होती, मान बाहेर होती. आणि त्यांना दिसलं... धुक्यात आडवा पांढरा पट्टा. त्यांनीच ओढलेला. बारा-पंधरा हातांवर कापसाची गाडी होती. अंतर पुरेसं होतं. त्यांनी पेडल दाबलं आणि ते बुटाखाली थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. हँडब्रेक ओढला. उतार आणि मागे भरलेला माल, गाडी वेग घेऊ लागली. उजवीकडे नाला होता. पुढे बैल, आणि कापसावर झोपलेला माणूस. त्यांनी चाक डावीकडे वळवलं. बैलगाडी वाचली, गाडीवानाला खरचटलंही नाही. ट्रक कडेच्या लिंबावर गेला. झाड डाव्या बाजूने आत शिरलं. गोदावरीकाकू तिथेच गेल्या. जयरामदादांचा पाय मांडीपासून मोडला.

त्या पट्ट्याने गाडीवान वाचला, हे कुणी कधी बोललं नाही. गावाने एवढंच पाहिलं की ड्रायव्हर जिवंत आहे आणि काकू गेल्या. महादेव तेव्हा विशीत होता. आईचं प्रेत घरी आणलं तेव्हा तो रडला नाही. “तिकडं मिल्ट्रीत शिकला म्हने,” एवढं वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

चौकशी झाली. गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं की टकरीत पुढचा भाग चेपून ब्रेकची नळी तुटली आहे, त्यामुळे ब्रेक आधी निकामी होते की नंतर झाले, हे सांगता येत नाही. म्हणजे आता जगात एकच गोष्ट अशी होती जी सांगू शकत होती, आणि ती माझ्या फाइलीत होती. माझ्याच अक्षरात.

अध्यक्षांनी मला बोलावलं. त्या महिन्यात मला मुलगी झाली होती. त्यांनी आधी तिची चौकशी केली, बाळंतीण बरी आहे ना विचारलं. मी तेव्हा हंगामी होतो. “तुमच्या कायम करण्याचा विषय पुढच्या सभेत घेतोच आहे,” म्हणाले. मग ट्रकच्या फाइलीवर हात ठेवून म्हणाले, “ही फाइल फार जड झाली आहे. अनावश्यक कागद किती साठतात! जरा नीट लावा.” बस, इतकंच. अर्ज हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. काढा म्हणाले नाहीत, फाडा म्हणाले नाहीत. आजही कुणी त्यांच्या तसबिरीपुढे मला उभं करून विचारलं तर मला कबूल करावं लागेल की त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नव्हतं. मी फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आलो. दुपारची वेळ होती, शिपाई मागे चहा करत होता. मी तो अर्ज काढला, चार तुकडे केले आणि चहाच्या चुलीत घातले. शिपायाने पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मग मी त्याच सुरेख अक्षरात संघाचा खुलासा लिहिला: ‘सदर ड्रायव्हरने दाट धुके असताना पुरेशी दक्षता न घेता...’

कोर्टात जयरामदादा कुबड्या घेऊन उभे होते. त्यांनी पहिला गिअर, तीनदा दाबलेलं पेडल, सगळं सांगितलं, आणि आपण आधी लेखी अर्ज दिला होता हेही सांगितलं. त्यांच्या वकिलाने मला विचारलं, “असा अर्ज आरोपीने दिला होता का?” मी म्हणालो, “कार्यालयाच्या दप्तरात असा अर्ज नाही.” वाक्य खरं होतं. ते मी घरून ठरवून आणलं होतं, अगदी शब्दन् शब्द. खोटं बोलावं लागू नये म्हणून मी किती मेहनत घेतली होती! जयरामदादा माझ्याकडे पाहत होते. रागाने पाहत होते असंही नाही. आपण चुकीच्या माणसाला तर हाक मारली नाही ना, असं पाहावं तसं. निकालाच्या दिवशी, नऊ महिन्यांची शिक्षा आणि लायसन रद्द झाल्यावर, कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्यांच्या वाटेत येऊन उभा राहिलो. काय बोलणार होतो, मलाच ठाऊक नाही. ते थांबले. “वसंतराव,” म्हणाले, “सरका जरा. मले जाऊ द्या.”

तोवर कधीही त्यांनी मला ‘राव’ लावलं नव्हतं, ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी मला ‘तू’ म्हटलं नाही.

मी कायम झालो. दोन वर्षांनी अध्यक्षांच्याच चिठ्ठीवर बुलढाण्याला एका शाळेत कारकून म्हणून लागलो आणि गाव सुटलं. जयरामदादा सुटून आले आणि भावाच्या मळ्यात राबू लागले. लायसन गेलंच होतं. पण पुढे कुणी हौसेनेसुद्धा त्यांना गाडीच्या चाकाला हात लावू दिला नाही. लग्नाच्या वऱ्हाडात ते गाडीत चढले की बायका पोरांना घेऊन मागच्या बाकावर जात, जणू शेजारी बसण्यानेही काही होईल. कौसल्यावहिनी, त्यांची बायको, गोदावरीकाकूंच्या चौदाव्याला महादेवच्या घरी गेल्या होत्या. त्याने दारातूनच परत पाठवलं. घरं एकाला एक लागून. बारा वर्षं महादेव जयरामदादांना पाहून मान फिरवत राहिला. आणि जयरामदादांनी गाडीवानांच्या फळ्यांना पट्टे ओढायला पुन्हा सुरुवात केली, तेव्हा काही जणांनी ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकले. अपशकुन म्हणून.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी मी गावी गेलो आणि कधी नव्हे ते मळ्यात गेलो. जयरामदादा वांगी तोडत होते. पाय आखूड झाला होता, दम लागत होता. “या, वसंतराव,” म्हणाले. मी बांधावर बसलो. आणि इतकी वर्षं जे आत होतं ते एकदम बाहेर आलं... अर्ज हरवला नव्हता, मी म्हणालो.

“मले मालूम हाय. कागद आपोआप कुठी जात नाही.” ते वांगी तोडतच होते. “फक्त एवढंच सांगा. फाडला कोनं? त्यायनं, का तुमी?”

“मी.”

त्यांचा हात थांबला. “बरं झालं सांगतलं,” म्हणाले. “मी इतके वर्षं त्यायले शिव्या देऊन राह्यलो व्हतो.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, परतही केली नाही. “मले सांगून काय करता? माह्या पायाखाली पेडल गेल्तं, मले तं मालूमच व्हतं. महादेवले सांगा. तो मले पाहून रस्ता बदलते.”

“सांगतो.”

“कवा?”

“या आठवड्यात.”

“बरं,” म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे सरकले.

मी नाही गेलो. त्या आठवड्यात लग्नाची गडबड होती, मग शाळेच्या परीक्षा, मग भाचीला पाहायला पाहुणे. कारणं मला नेहमीच चांगली सुचतात. या दिवाळीत माझ्या भाच्याबरोबर जयरामदादांनी निरोप पाठवला: “वसंतरावले इचारजो, आठवडा झाला का म्हनावं.” भाच्याला काही कळलं नाही. मीही हसण्यावारी नेलं. तुळशीच्या लग्नानंतर चार दिवसांनी ते गेले.

मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. छातीच्या दुखण्याने गेले, शेवटी दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, शेवटी काही म्हणाले का. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मले घडीघडी इचारत, महादेव आला का? मी म्हनो, तो कायले येते? तं म्हनत, वसंतानं सांगतलं असन त्याले, आता येईन.” मग त्यांनीच विचारलं, “काय सांगाचं व्हतं जी तुमाले?”

वसंतानं... मला तिथे बसवेना. मी उठलो आणि घराला वळसा घालून मागे महादेवकडे गेलो.

तो अंगणात मिरच्या निवडत होता. आता तिशी ओलांडलेला, कपाळावर आठ्या पडलेला माणूस. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अर्ज, पेडल, फाइल, चूल. माझं संपल्यावर त्याने विचारलं, “गाडी हळू व्हती?”

“पहिल्या गिअरमध्ये होती.”

“त्यायनं ब्रेक दाबला व्हता?”

“तीनदा दाबला होता.”

“अन् तुमाले मालूम व्हतं.”

“हो.”

“तवापासून.”

“हो.”

मला वाटलं तो अंगावर येईल. यावा असंही वाटलं. त्याने हातातल्या मिरच्या ढिगात टाकल्या. “परवा तिरडी याच रस्त्यानं गेली,” तो म्हणाला. “मी दार लावून आत बसून व्हतो. खांदा द्याले चौथा मानूस मिळत नव्हता, आवाज येऊन राह्यला व्हता मले... तुमी परवा आले असते तं? परवा!” त्याचा आवाज फाटला. माझ्याजवळ या एका प्रश्नाला कुठलंच कारण नव्हतं.

तो उठला. मिरचीचे हात धोतराला पुसले, टोपी घातली आणि माझ्याकडे न पाहता चालू लागला. मी मागोमाग गेलो. वहिनींच्या दारात जाऊन तो उभा राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदा. चौकटीला धरून तो नुसता उभा होता, खांदे हलत होते. वहिनींनी वर पाहिलं. काय झालं, कुणी काय सांगितलं, काहीच विचारलं नाही. थोडं सरकून भिंतीशी जागा केली. “ये बापा,” म्हणाल्या, “बस.”

तो आत गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. मी उंबऱ्याबाहेर होतो. वहिनींनी माझ्याकडेही पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड महादेवकडे वळवलं. मला कुणी बस म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि स्टँडकडे निघालो.